मोकळे चाक, बांधलेले चाक

फोर्स मोटर्सची गुरखा ही गाडी बघायला थांबलेला माणूस बहुधा आधी बॉनेटच्या बाजूने छपराकडे चढलेला स्नॉर्कल बघतो, मग तिचा उंच, चौकोनी बांधा. मला ही गाडी कळते ती आत बसल्यावर, पुढच्या दोन सीटांच्या मधल्या जागेत. तिथे गिअरच्या दांड्याखेरीज आणखी दोन लिव्हर आहेत. एक मागच्या अॅक्सलचे डिफरन्शियल लॉक करतो, दुसरा पुढच्या अॅक्सलचे. मध्ये बटण नाही, संगणकाचा हिशेब नाही. हाताने ओढ दिली की गाडीच्या पोटाखाली दातांत दात बसतात. भारतात कारखान्यातूनच दोन्ही अॅक्सलांना असे हाताने लावायचे लॉक घेऊन येणाऱ्या गाड्या मोजक्याच. यंत्राच्या रचनेत ज्याला सौंदर्य दिसते त्याने या दोन लिव्हरपाशी थांबावे, असे मला मनापासून वाटते.

आम्हा चिंचवडकरांना या गाडीबद्दल आपलेपणा वाटणे साहजिक आहे. नवलमल फिरोदिया यांनी 1958 साली जर्मनीच्या टेम्पो कंपनीच्या परवान्यावर बजाज टेम्पो सुरू केली. 2005 पासून तिचे नाव फोर्स मोटर्स. मुख्यालय आमच्या शेजारी आकुर्डीला, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर. गुरखाची जुळणी मध्य प्रदेशात पिथमपूरला होते, पण तिच्या पोटातल्या गोष्टींची भाषा इथलीच आहे. भोसरी-चिंचवडच्या एमआयडीसीत गिअर कापणारी, दात ग्राइंड करणारी, हीट ट्रीटमेंट करणारी वर्कशॉप शेजारी-शेजारी उभी आहेत. या भागात वाढलेल्या मुलाच्या कानावर ‘क्राऊन-पिनियन’ ही जोडी इंजिनिअरिंगच्या पुस्तकाच्या कितीतरी आधी पडलेली असते. म्हणून लिव्हरची गोडी चाखायची तर आधी अॅक्सलच्या मधोमध लटकणाऱ्या त्या लोखंडी गोळ्यात, म्हणजे डिफरन्शियलमध्ये, उतरायला हवे.

गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते, हे सगळ्यांना माहीत असते. किती जास्त, ते मात्र मोजून बघण्यासारखे आहे. दोन चाकांतले अंतर दीड मीटर धरा. गाडीने पूर्ण गोल चक्कर मारली तर बाहेरचे चाक आतल्यापेक्षा सुमारे 9.4 मीटर जास्त चालते. चक्कर लहान घ्या की मोठी, हा फरक तेवढाच राहतो. 2021 च्या गुरखाचे टायर 245/70 आर 16 मापाचे, म्हणजे घेर साधारण 2.35 मीटर. भागाकार केला की उत्तर येते चार. काटकोनातल्या एका वळणाला, म्हणजे चौकातून डावीकडे वळताना, बाहेरच्या चाकाचा जवळजवळ बरोबर एक फेरा जास्त होतो. दोन्ही चाके एकाच सरळ दांड्यावर पक्की असती, तर प्रत्येक चौकात एक अख्खा फेरा रस्त्यावर घासून काढावा लागला असता. टायर झिजले असते, दांडा पिळला असता, गाडी वळायला तयार झाली नसती.

डिफरन्शियल तो एक फेरा जिरवते. क्राऊन, म्हणजे इंजिनकडून आलेला जोर घेणारा मोठा गिअर, ज्या पेटीला जोडलेला असतो तिच्या पोटात छोटे पिनियन असतात, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांचे गिअर. सरळ रस्त्यावर छोटे पिनियन स्वतःभोवती फिरतच नाहीत, पेटीबरोबर नुसते वाहत जातात. वळण आले की ते हलकेच फिरू लागतात आणि आतल्या चाकाकडून जितका वेग काढतात तितकाच बाहेरच्या चाकाला देतात. दोन्ही वेगांची सरासरी मात्र क्राऊनच्या वेगाइतकीच राहते. फ्रान्समधला घड्याळजी ओनेसिफोर पेकर याने 1820 च्या दशकात याचे पेटंट घेतले. पुढे इंग्लंडात कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीने 1877 साली ते सायकलीच्या घराण्यात आणले. दोघांनी शेजारी बसून पायडल मारायच्या गाडीत एकाचा जोर कमी, एकाचा जास्त, त्यामुळे गाडी एका बाजूला ओढायची. स्टार्लीने दोन्ही चाकांना सारखा जोर पोचवणारी रचना करून ती सरळ चालवली.

सारखा जोर. डिफरन्शियलचे सगळे मोठेपण यात आहे, आणि सगळी अडचणही. छोटा पिनियन म्हणजे मध्यावर टेकलेली तरफ. तिची दोन्ही टोके सारख्या लांबीची, म्हणून ती दोन्ही बाजूंना सारखेच ढकलू शकते. गाडीला जुंपलेली बैलजोडी आठवा. जू मध्यावर बांधलेले असते. एका बैलाने अंग चोरले की जू तिरपे होते, आणि दुसरा कितीही ताकदीचा असला तरी त्याची ओढ वाया जाते. गाडीला मिळते ती दुबळ्या बैलाच्या दुप्पट. डिफरन्शियलमध्ये अगदी हेच घडते. ज्या चाकाखाली पकड कमी, ते ठरवते की दुसऱ्या चाकाने किती ढकलायचे.

डांबरावर हे जाणवत नाही, कारण तिथे दोन्ही चाकांना भरपूर पकड असते. मावळात जुलैमध्ये भाताच्या खाचरांकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेवर गाडी घाला, मग बघा. एका बाजूला मुरूम, दुसऱ्या बाजूला चिकण मातीचा चर. चरातले चाक फिरायला लागते. टायरच्या खाचा मातीने भरतात, टायर गुळगुळीत होतो, पकड आणखी घटते. मुरमावरचे चाक ढिम्म. क्राऊनचा वेग सरासरीचा असल्याने फिरणारे चाक क्राऊनच्या दुप्पट वेगाने फिरते, म्हणजे जितके जास्त अॅक्सलरेटर द्याल तितक्या वेगाने ते स्वतःचा खड्डा खणते. ज्या चाकाला गाडी बाहेर काढता आली असती, ते कोरड्या जमिनीवर उभे राहून हे बघत असते.

‘पण फोर बाय फोर आहे ना?’ असे लोक विचारतात. फोर बाय फोरने अर्धेच काम होते. गुरखासारख्या गाडीत ट्रान्स्फर केस पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना पक्के जोडते, मध्ये डिफरन्शियल नसते. म्हणजे पुढचा अॅक्सल आणि मागचा अॅक्सल एकाच वेगाने फिरतात. पण प्रत्येक अॅक्सलच्या आत डावे-उजवे अजून मोकळेच. पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक एकाच वेळी चिखलात किंवा हवेत गेले, की चारही चाकांना जोर पोचूनही गाडी जागच्या जागी उभी राहते.

ढोबळ हिशेब करून बघू. गाडीचे वजन दोन टन, प्रत्येक चाकावर 500 किलो भार. समजा मुरमावरचे चाक भाराच्या 60 टक्के जोर लावू शकते, म्हणजे 300 किलो, आणि चिखलातले 10 टक्के, म्हणजे 50 किलो. आमनेसामनेच्या कोपऱ्यांतली दोन चाके चिखलात आहेत. दोन्ही डिफरन्शियल मोकळी असतील तर मुरमावरची चाकेही 50 किलोवरच थांबतात. एकूण जोर 200 किलो. मागचे लॉक लावले की मागची दोन्ही चाके आपापली पकड पुरती वापरू शकतात: 300 आणि 50, शिवाय पुढचे 100. एकूण 450. पुढचेही लॉक लावले की 700. आता पाचास एक अशी चढण समोर असेल तर दोन टन वर ओढायलाच सुमारे 400 किलो जोर लागतो, आणि चिखल चाकांना मागे धरतो तो वेगळा. इंजिन तेच, टायर तेच, ड्रायव्हर तोच. 200 ने गाडी हलत नाही, 450 वर कुथत चढते किंवा अडते, 700 ने वर जाते. एका लिव्हरऐवजी दोन का दिले, त्याचे उत्तर या तीन आकड्यांत आहे.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे कुणी शिकवायची गरज नाही. ट्रॅक्टरमध्ये पायाशी डिफरन्शियल लॉकचे पायडल असते. उसाने भरलेली ट्रॉली फडातून काढताना एक मोठे चाक काळ्या मातीत फिरू लागले की टाचेने ते दाबायचे, गाडी निघाली की सोडायचे. लॉक नसलेल्या जुन्या ट्रॅक्टरवर लोक दुसरी युक्ती करायचे. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. फिरणाऱ्या चाकाचा ब्रेक अलगद दाबला की त्या चाकाला ‘जड’ वाटू लागते, आणि सारखा जोर देणारे डिफरन्शियल तितकाच जोर दुसऱ्या चाकालाही देऊ लागते. आजच्या गाड्यांमधली इलेक्ट्रॉनिक ब्रेक लॉकिंगची व्यवस्था हेच करते, फक्त पायाच्या जागी सेन्सर आणि एबीएसचा पंप. ही युक्ती मला फार आवडते. तरीही ती लॉक नव्हे. ब्रेकशी झगडण्यात इंजिनची ताकद खर्ची पडते, ब्रेक तापतात, आणि चाक आधी फिरल्याशिवाय ती जागी होत नाही.

आता लॉकच्या आत डोकावू. मला सर्वात सुंदर वाटते ती यातली काटकसर. दोन्ही चाके एकमेकांना बांधायची आहेत, पण बांधायचे फक्त एकाच बाजूला. दातांची एक कॉलर सरकते आणि एका बाजूचा गिअर किंवा दांडा डिफरन्शियलच्या पेटीला जोडते. बस. एक बाजू पेटीच्याच वेगाने फिरू लागली की छोट्या पिनियनना स्वतःभोवती फिरायला कारण उरत नाही. ते थिजले की दुसरी बाजूही आपोआप पेटीबरोबर फिरते. दुसऱ्या चाकाला कुणी हात लावलेला नाही, तरी ते बांधले गेले. इतक्या थोड्या भागांत इतका पूर्ण परिणाम साधणारी रचना यंत्रशास्त्रात फार थोडी सापडते.

ही कॉलर लागते कशी, ते शेजारी बसून बघावे. चढणीच्या पायथ्याशी गाडी थांबवायची, लो रेंज, म्हणजे कमी वेगाचे, जास्त जोराचे गिअर, टाकायची, लिव्हर ओढायचा. पुष्कळदा तेव्हाच काही होत नाही.

‘बसलं का?’

‘नाही अजून. किंचित पुढे घे, स्टिअरिंग जरा हलव.’

दात समोरासमोर आलेले नसतात. चाके थोडीशी वेगवेगळी फिरली की दाताला खाच सापडते, एक बारीक धक्का सीटमधून जाणवतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. लॉक सोडतानाही तसेच. पिळलेल्या दांड्यांच्या ताणामुळे दात एकमेकांना घट्ट धरून बसतात. गाडी थोडी पुढे-मागे केली की ताण सुटतो, कॉलर परत जाते, दिवा विझतो. चाक वेगाने फिरत असताना लिव्हर कधीही ओढायचा नाही. दातांवर बसणारा तो फटका एकदाच पुरतो.

थार या दुसऱ्या फोर बाय फोर गाडीशी तुलना इथे टाळता येत नाही, आणि ती केली की गुरखाचा स्वभाव अधिक नीट दिसतो. 2020 साली आलेली, नाशिकला बनणारी नवी थार मागच्या अॅक्सलमध्ये स्वयंचलित यांत्रिक लॉक घेऊन आली. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण 100 फेऱ्यांचा फरक पडला की आतली छोटी वजने बाहेर फेकली जातात, अडकतात, आणि क्लचच्या चकत्या दाबल्या जाऊन दोन्ही बाजू एक होतात. ड्रायव्हरने काही करायचे नाही. अतिशय हुशार रचना आहे आणि बहुतेक लोकांना तीच सोयीची. पण ती जागी होण्यासाठी चाकाला आधी घसरावे लागते. गुरखाचा लिव्हर त्याआधी ओढता येतो. चढण अजून पन्नास पावले दूर असताना, ती नजरेने वाचून, कुठले चाक हवेत जाईल याचा अंदाज बांधून. चाक फिरतच नाही, त्यामुळे माती उकरली जात नाही आणि चढण्याजोगी जमीन चढेपर्यंत शाबूत राहते. गुरखा ड्रायव्हरकडून आधी जमीन वाचून घेते. माझ्या लेखी ही तिची सर्वात मोठी गोष्ट आहे.

पुढच्या लॉकबद्दल एक बारकावा. 2021 च्या गुरखाला पुढे दुहेरी विशबोनचे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, मागे सलग अॅक्सल. रस्त्यावर या स्वतंत्र पुढच्या चाकांमुळे गाडी नीट वागते. पण खडकाळ जागी सलग अॅक्सल जितका तिरपा होऊन दोन्ही चाके जमिनीला टेकवतो तितके स्वतंत्र सस्पेन्शनला जमत नाही. पुढचे चाक लवकर हवेत उचलले जाते. रचनाकारांनी ही उणीव ओळखून पुढेही लॉक दिले. एका हाताने गमावलेले दुसऱ्या हाताने परत मिळवले, आणि हा सौदा मला प्रामाणिक वाटतो.

लॉकला किंमतही मोजावी लागते. मोकळ्या डिफरन्शियलमध्ये एका चाकाच्या दांड्यावर अॅक्सलच्या जोराच्या निम्म्याहून जास्त ताण येत नाही. लॉक लावल्यावर, एक चाक हवेत असेल तर, सगळा ताण एकट्या दुसऱ्या दांड्याने सोसायचा. काही हौशी लोक डिफरन्शियलच्या आतल्या गिअरना वेल्डिंग मारून कायमचे लॉक करतात, ते मला म्हणूनच पटत नाही. त्यात दांड्याच्या मजबुतीचा विचार नसतो आणि डांबरावर सोडण्याची सोयही उरत नाही. लॉक लागलेली गाडी काटकोनातला तो एक फेरा जिरवू शकत नाही. पुढचे लॉक लावले तर स्टिअरिंग जड होते आणि गाडी वळवली तरी सरळच जाऊ पाहते. त्यामुळे क्रम ठरलेला: आधी मागचे, कारण चढताना भार मागे सरकतो आणि पकडही तिथेच वाढते. त्याने भागले नाही तरच पुढचे, आणि वळण्याआधी पुढचे सोडायचे.

एक जागा तर अशी आहे जिथे लॉक लावणे चुकीचेच. डोंगराच्या कुशीतून आडवी जाणारी ओली, निसरडी वाट. मोकळ्या अॅक्सलचे एक चाक घसरले तरी दुसरे जवळजवळ स्थिर राहते आणि गाडीला उताराकडे सरकू देत नाही. लॉक लावले असेल तर दोन्ही चाके एकदम घसरतात आणि अॅक्सल आडवाच दरीच्या बाजूला सरकू लागतो. फिरणाऱ्या चाकाला आडवी पकड उरत नाही. मुळशी-ताम्हिणीच्या बाजूला पावसात हिंडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेच पाहिजे. लिव्हर हाताशी असण्याचा फायदा पुन्हा इथे कळतो: न लावण्याचा निर्णयही तुमचाच.

दोनच लॉक का, असेही कुणी विचारेल. मर्सिडीजच्या जी-क्लासमध्ये तीन लॉक आहेत, डॅशबोर्डवर ओळीने तीन बटणे. मधले, मागचे, पुढचे. ती गाडी कायम चारही चाकांवर चालते, डांबरावर पुढच्या-मागच्या अॅक्सलांना वेगवेगळे फिरू द्यावे लागते, म्हणून तिच्या मध्यभागीही डिफरन्शियल आहे आणि त्याला लॉक. गुरखात मधले डिफरन्शियलच नसल्याने फोर बाय फोर टाकताक्षणी ते काम झालेले असते. उरतात दोन. 2021 ची गुरखा 13.59 लाखांना बाजारात आली. जी-क्लासच्या किमतीशी तिची तुलनाच होत नाही, पण चिखलातल्या चढणीवर चारही चाके एकत्र बांधण्याच्या बाबतीत दोघींचा परिणाम एकच आहे. 2024 साली गुरखाला 140 पीएसचे इंजिन आले, पाच दारांची गाडी आली, टू व्हील-फोर व्हील बदलायला दांड्याऐवजी फिरवायचे बटण आले. लॉक मात्र हाताचेच ठेवले. हा निर्णय ज्यांनी घेतला त्यांना माझी दाद.

तुमच्याकडे लॉक असलेली कुठलीही गाडी असेल, तर पावसाळ्याआधी एखाद्या मोकळ्या, भुसभुशीत जागेत आधी लॉक न लावता, मग मागचे, मग दोन्ही लावून एकच चढण तीनदा चढून बघा. लॉक लावले की दिवा लागल्याशिवाय चढू नका आणि विझल्याशिवाय डांबरावर येऊ नका. आणि मावळात, मुळशीत उतरलात तर भाताच्या खाचरांच्या बांधावर चाक घालू नका. दोन लॉक हाताशी असलेल्या गाडीला बांध तुडवून जाण्याची गरज कधीच पडत नाही.